पाटीवरचं नाव वेगळं, पॅनवरचं वेगळं: ऑनलाइन जाहिरातीचं व्हेरिफिकेशन नेमकं कुठं अडतं

तासगावात माझ्या मावसभावाचा बेदाण्याचा धंदा आहे. स्वतःची बाग, स्वतःचं शेड, आणि गेली तीन वर्षं तो सगळा माल सौद्याला न लावता त्यातला थोडा अर्ध्या किलोच्या आणि किलोच्या पाकिटात भरून ऑनलाइन विकतो. गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्याच्या जाहिराती बंद पडल्या, म्हणजे पूर्ण बंद. महिनाभर आधी गूगलकडून ओळख व्हेरिफाय करा म्हणून मेल आला होता, त्यानं तो बघितला पण होता, कागद पण टाकले होते, पण तीन वेळा रिजेक्ट झाले आणि तोवर मुदत संपली. पहिल्यांदा शॉप ॲक्टची, म्हणजे दुकान नोंदणीची पावती टाकली, मग आधार टाकलं, मग वैतागून जीएसटी सर्टिफिकेटचा मोबाईलवर स्क्रीनशॉट काढून टाकला. अकरा दिवस ऑर्डर आली नाही, आणि दिवाळीतले अकरा दिवस म्हणजे काय ते धंदेवाल्याला वेगळं सांगायला नको.

मी सांगलीत दुकानदारांच्या जाहिरातींचं काम बघतो. त्याचे कागद बघितल्यावर लक्षात आलं की एकही कागद खोटा नव्हता, सगळे खरे होते, फक्त त्यांच्यावरची नावं एकमेकांशी जुळत नव्हती. हे असं इथं बऱ्याच जणांचं होतंय म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

आधी हे मागतात कशासाठी ते बघू. पूर्वी ईमेल आणि कार्ड असलं की कुणालाही जाहिरात लावता यायची. मग निवडणुकीच्या जाहिरातींचा प्रश्न आला, तेव्हा गूगलनं २०१८ मध्ये अमेरिकेत राजकीय जाहिरातदारांची ओळख तपासायला सुरुवात केली आणि आपल्याकडं २०१९ च्या लोकसभेच्या आधी तेच केलं. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं की आता हळूहळू सगळ्याच जाहिरातदारांना ओळख द्यावी लागणार, मग तो हळद विकणारा असो नाहीतर क्लासवाला. मार्च २०२३ मध्ये त्यांचं ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटर सुरू झालं, तिथं कुणीही जाऊन अमुक जाहिरातदार कोण आणि त्याच्या कुठल्या जाहिराती चालू आहेत ते बघू शकतो. फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या मेटाकडं बिझनेस व्हेरिफिकेशन म्हणून जवळपास हीच भानगड आहे, स्क्रीन वेगळी, मागणी तीच.

मला स्वतःला हे योग्य वाटतं. आमच्या शेजारच्या काकूंनी जाहिरात बघून पैठणी मागवली होती, पैसे गेले, साडी आलीच नाही, आणि तक्रार करायला समोर नाव पण नव्हतं. जाहिरातीमागं खरा माणूस आहे हे कुणीतरी बघितलंच पाहिजे. आपल्यासारख्या खऱ्या दुकानदाराचा उलट फायदाच आहे, फक्त कागद कसे वाचले जातात ते आपल्याला कळलं पाहिजे.

तर मुख्य गोष्ट अशी की तिकडं तुमचा कागद तपासणाऱ्याला तुमचं दुकान माहीत नाही. मारुती रोडवर तुमच्या आजोबांपासून दुकान आहे, अख्खी सांगली ओळखते, ते त्याला दिसत नाही. त्याच्यासमोर दोनच गोष्टी असतात, तुम्ही अकाउंटच्या पेमेंट प्रोफाइलमध्ये, म्हणजे पैसे भरणाऱ्याची माहिती असते तिथं, काय नाव-पत्ता लिहिलाय आणि तुम्ही टाकलेल्या कागदावर काय नाव-पत्ता आहे. दोन्ही जुळले की पास, नाही जुळले की रिजेक्ट. बाकी तुमचा धंदा किती जुना, किती प्रामाणिक, याचा इथं काही संबंध नाही.

आता जुळत का नाही? कारण आपल्याकडचे बहुतेक धंदे प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्या मालकाचे आहेत, आणि प्रोप्रायटरशिपमध्ये कायद्याच्या नजरेत दुकान आणि मालक एकच असतात. पाटीवर तुम्ही कुलदेवतेच्या नावानं ट्रेडर्स लिहा नाहीतर पोराच्या नावानं एंटरप्रायझेस लिहा, ते फक्त धंद्याचं नाव झालं. पॅन तुमचंच, इन्कम टॅक्स रिटर्न तुमच्याच नावानं. त्या ट्रेडर्स नावाची कुणी वेगळी व्यक्ती कायद्यात नाहीच. मावसभावानं प्रोफाइलमध्ये संस्था असा प्रकार निवडून तिथं ब्रँडचं नाव टाकलं होतं आणि खाली आधार लावलं होतं. तपासणाऱ्याला काय दिसलं, की एका संस्थेनं एका भलत्याच माणसाचं ओळखपत्र दिलंय. मग तो रिजेक्ट करणारच की.

हे तुमच्या बाबतीत काय आहे ते घरबसल्या दोन मिनिटांत कळतं, पॅन कार्ड हातात घ्या. दहा अक्षरं असतात, त्यातलं चौथं अक्षर बघा. पी असेल तर व्यक्ती, सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी फर्म किंवा एलएलपी, एच म्हणजे एकत्र हिंदू कुटुंब, टी म्हणजे ट्रस्ट. आता जीएसटी नंबर घ्या, तो पंधरा अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि त्याच्या पुढची दहा अक्षरं म्हणजे जसंच्या तसं तुमचं पॅन. म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर पी असेल तर समजायचं की हा धंदा सरकारदरबारी माणसाच्या नावावर आहे, पाटीवर काहीही असू दे. मी नवीन दुकानदाराचं काम घेतो तेव्हा पहिल्यांदा हेच सहावं अक्षर बघतो.

मग जीएसटीचं सर्टिफिकेट उघडा. त्यात लीगल नेम आणि ट्रेड नेम अशा दोन वेगळ्या ओळी असतात. लीगल नेम पॅनवरून येतं, प्रोप्रायटरचं असेल तर तिथं माणसाचंच नाव असतं. ट्रेड नेम म्हणजे तुमची पाटी. हा एकच कागद असा आहे ज्यावर माणूस आणि दुकान दोन्ही एका जागी, सरकारी शिक्क्यानिशी दिसतात, म्हणून प्रोप्रायटरला ज्याच्याकडं जीएसटी आहे त्याला मी हाच कागद पहिला लावायला सांगतो, आणि प्रोफाइलमधलं कायदेशीर नाव त्यातल्या लीगल नेमसारखं अक्षरन् अक्षर टाकायला सांगतो. सर्टिफिकेट पोर्टलवर लॉगिन करून सर्व्हिसेसमधल्या यूजर सर्व्हिसेसमधून पीडीएफ उतरवून घेता येतं, सीएच्या मागं लागायची पण गरज नाही.

इथं आणखी एक खाच आहे. कधीकाळी रजिस्ट्रेशन करताना कुणी ट्रेड नेमच्या जागी काहीतरीच टाकलेलं असतं, किंवा तुम्ही मधे ब्रँड बदललेला असतो आणि सर्टिफिकेटवर जुनंच राहिलेलं असतं. ते बदलता येतं, पण आज अर्ज आणि उद्या कागद असं होत नाही. नाव, मुख्य पत्ता या गोष्टी कोअर फील्डमध्ये, म्हणजे महत्त्वाच्या रकान्यांत धरतात, त्यावर अधिकारी १५ कामाच्या दिवसांत निर्णय देतो. आता तुम्हीच हिशोब करा, व्हेरिफिकेशनची मुदत मोजून दिलेली, त्यात तुम्ही शेवटच्या आठवड्यात जागे झालात आणि मग कळलं की सर्टिफिकेटच दुरुस्त करायचंय, तर कसं होणार? म्हणून मेल यायची वाट न बघता आधीच नजर टाकून ठेवायची.

आता स्पेलिंगचं बघू, हे आपल्या मराठी लोकांचं खास दुखणं आहे. मराठीत नाव एकच असतं पण इंग्रजीत लिहिणारा प्रत्येक कारकून वेगळं लिहितो. वैशाली एका कागदावर एका व्हीनं, दुसऱ्यावर डब्ल्यूनं. पवारांचं पण तेच. कुठं वडिलांचं पूर्ण नाव, कुठं फक्त एक अक्षर, कुठं आडनाव आधी आणि नाव नंतर. गावाकडच्या जुन्या कागदांवर नावापुढं राव, बापू, बाई चिकटलेलं असतं, ते पॅनवर नसतं. घरातल्या माणसाला हे सगळं एकच वाटतं, पण तपासणारा अक्षरं बघतो. शब्द मागंपुढं झालेले काही वेळा चालून जातात, पण अख्खं एक नाव गायब असेल किंवा आडनावच वेगळं असेल तर नाही चालत.

बायकांच्या बाबतीत तर हे जास्तच होतं आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण घरगुती मसाले, चटण्या, शेंगदाण्याचे लाडू असे चांगले धंदे सांगली-मिरजेत कितीतरी जणी करतात. पॅन लग्नाआधी काढलेलं, त्यावर माहेरचं नाव. आधार लग्नानंतर बदललं, त्यावर सासरचं. बँकेत तिसरंच, कारण सासरी पहिलं नाव पण बदललं. अशा ताईंना मी एवढंच सांगतो, की तुम्हाला कुठलं नाव ठेवायचंय ते तुमचं तुम्ही ठरवा, माहेरचंच ठेवायचं असेल तरी बिनधास्त ठेवा, पण मग एकच धरा आणि सगळे कागद त्यावर आणा. बदलायचंच असेल तर सुरुवात पॅनपासून करायची, लग्नाचं प्रमाणपत्र किंवा गॅझेट जोडून, कारण जीएसटीचं लीगल नेम पॅनवरूनच येतं. उलट्या क्रमानं गेलात तर दोनदा खेटे होतात. आणि तोवर जाहिरात अडवून धरायची गरज नाही, पॅनवर आज जे नाव आहे त्याच नावानं प्रोफाइल करून व्हेरिफिकेशन उरकता येतं. ब्रँडचं नाव जाहिरातीत तुमचंच राहतं.

पत्त्याचं पण तसंच, पण थोडक्यात सांगतो. आपल्याकडं गावचा पत्ता म्हणजे मु. पो., ता., जि. असा असतो, घराला नंबर नसतो, शेडला गट नंबर असतो. वेबसाइटवरच्या फॉर्मला हे कळत नाही, त्याला रस्ता आणि शहर पाहिजे. मग कुणी शहराच्या रकान्यात गाव टाकतो, कुणी तालुका, कुणी थेट सांगली. माझा नियम साधा आहे, कागदावर जे आहे तेच आणि त्याच क्रमानं टाकायचं. सर्टिफिकेटवर गट नंबर आहे ना, मग प्रोफाइलमध्ये पण गट नंबर. पिनकोड तर बघाच, विश्रामबागचा ४१६४१५ आणि सांगली शहराचा ४१६४१६, एका आकड्याचा फरक, आणि लोक सवयीनं दुसराच टाकतात.

कुठला कागद चालतो असं सगळे विचारतात. खरं उत्तर असं की तुमचा देश आणि तुमचा प्रकार निवडला की स्क्रीनवर यादी येते, त्या यादीतलाच कागद चालतो. यादीत नसलेला कागद कितीही खरा असला तरी टाकू नका. माणूस म्हणून करत असाल तर सरकारी फोटो ओळखपत्र, पॅन, पासपोर्ट वगैरे. कंपनी असेल, आपल्याकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्या पण यात आल्या, तर इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट. फर्म असेल तर फर्मचं पॅन आणि फर्मचं जीएसटी, भागीदारातल्या एकाचं वैयक्तिक पॅन नाही.

शॉप ॲक्टवर लोकांचा फार भरवसा असतो. पण २०१७ चा नवा कायदा आला तेव्हापासून १० पेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला लायसन्स नाही तर फक्त सूचना दिल्याची पावती मिळायला लागली. ती पावती बँकेत खातं काढायला उपयोगी पडते, पण त्यातली माहिती आपणच भरलेली असते, त्यामुळं सगळीकडं ती पुरावा म्हणून धरतीलच असं नाही. उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, १ जुलै २०२० पासून सुरू झालंय आणि सरकारी साइटवर ते पूर्ण फुकट आहे. फुकट हे मुद्दाम सांगतोय, कारण हुबेहूब सरकारी वाटणाऱ्या खाजगी साइट दीड-दोन हजार रुपये मागतात आणि लोक देतात. खाण्याचे पदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा खात्याचा १४ आकडी नंबर लागतोच, पण तो पदार्थासाठी, तो तुमच्या ओळखीच्या जागी बसत नाही. आणि हो, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, बेदाण्याला त्याच्या आधी, हे आपल्याला अभिमानाचं आहे, पण ते मानांकन मालाला आहे, त्याचं सर्टिफिकेट डाउनलोड करून स्वतःची ओळख म्हणून लावता येत नाही. हे मी बघितलंय म्हणून लिहितोय.

फोटोचं पटकन सांगतो. रंगीत, चारही कोपरे दिसणारा, चमक नसलेला, झेरॉक्सचा फोटो नको, स्क्रीनशॉट नको, मूळ पीडीएफ असेल तर तीच. स्कॅनर ॲपचा शिक्का कोपऱ्यात उमटतो तो बंद करा. ई-पॅनच्या पीडीएफला पासवर्ड असतो, जन्मतारीख, आणि तशीच पासवर्डवाली फाइल चढवली तर समोरच्याला ती उघडतच नाही आणि तुम्हाला वाटतं कागद दिला. आधी उघडून पासवर्डशिवाय सेव्ह करा. आधार देणं टाळता येत असेल तर टाळा, द्यावंच लागलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार डाउनलोड होतं, ते तिथं चालतंय का बघा.

आता जरा नाजूक विषय. आपल्याकडं बऱ्याच दुकानांची जाहिरात दुसराच कुणीतरी चालवतो, भाचा असेल, कॉलेजचा पोरगा असेल, नाहीतर माझ्यासारखा कुणी. आणि तो स्वतःच्याच अकाउंटवरून, स्वतःच्या कार्डानं चार-पाच दुकानांच्या जाहिराती लावतो. आजवर हे चाललं, पण व्हेरिफिकेशन आल्यावर प्रश्न पडतो की जाहिरातदार कोण? उत्तर सरळ आहे, ज्याचा माल किंवा सेवा विकली जातेय तो. त्या पोरानं स्वतःचं पॅन देऊन व्हेरिफाय केलं तर हळदीच्या जाहिरातीखाली त्या पोराचं नाव दिसणार. म्हणून दुकानाचं अकाउंट दुकानाच्याच ईमेलवर असू द्या, मालक ॲडमिन असू द्या, आणि जाहिरात चालवणाऱ्याला आत प्रवेश द्या. पैसे भरणारा वेगळा असेल तर गूगल आता त्याचं नाव पण दाखवतं. शिवाय जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, बिल तुमच्या जीएसटी नंबरावर आलं तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढा कर तुमच्या जीएसटीतून वजा होतो, पोराच्या कार्डावर आणि त्याच्या नावानं आलं तर तुम्हाला ते मिळत नाही. वर्षाला लाखभराची जाहिरात करणाऱ्याचे अठरा हजार झाले, थोडे नाहीत.

एका हॉटेलवाल्या काकांना मी हे सांगत होतो तर ते म्हणाले, "अरे पण मी माझं पॅन त्या पोराला व्हॉट्सॲपवर पाठवलंय की, त्यानं टाकलं असणार." काका, तेच नको आहे. पॅन, जीएसटी, सही केलेला कोरा लेटरहेड असं सगळं कुणाच्या तरी फोनमध्ये पडून राहतं. त्या पोराला तुमच्या शेजारी बसवा, तुमच्या लॉगिननं तुमच्यासमोर अपलोड करू दे, अर्ध्या तासाचं काम आहे.

लोकांना काय दिसणार, ही शंका खरी आहे, विशेष करून घरातून धंदा करणाऱ्या ताईंची. गूगलवर जाहिरातीच्या तीन टिंबांवर दाबलं की व्हेरिफाय झालेलं नाव आणि देश दिसतो. तुमचं पॅन, कागदाचा फोटो, घराचा पत्ता हे तिथं येत नाही. पण कायदेशीर नाव मात्र दिसणार, तेवढं धरून चाला.

आणि याच मेलच्या आडून फसवणारे पण आलेत. आज व्हेरिफाय करा नाहीतर अकाउंट कायमचं बंद, असा मेल, खाली निळं बटण. किंवा फोन, की आम्ही व्हेरिफिकेशन टीमकडून बोलतोय, फी भरा, ओटीपी सांगा. व्हेरिफिकेशनला फी नसते. ओटीपी कुणी फोनवर मागत नाही. मेल खरा असला तरी त्यातल्या बटणावरून जायचंच नाही, ब्राउझर उघडून स्वतः पत्ता टाइप करून अकाउंटमध्ये जायचं, बिलिंगच्या भागात व्हेरिफिकेशनचं पान असतं, खरंच मागितलं असेल तर मुदतीच्या तारखेसकट तिथं दिसतं. तिथं काही नसेल तर तो मेल खोटा.

रिजेक्ट झालं तर घाबरून लगेच दुसरा कागद चढवू नका, आमच्या भावानं तेच केलं. रिजेक्टचं कारण एका ओळीत दिलेलं असतं, नाव जुळत नाही, कागद अस्पष्ट आहे, कागद या प्रकारात चालत नाही, यातलंच काहीतरी. अस्पष्ट असेल तर तोच कागद नीट काढून टाका. नाव जुळत नसेल तर कागद बदलण्याआधी प्रोफाइल उघडा, बऱ्याचदा चूक तिथंच असते. प्रोफाइलचा प्रकारच चुकला असेल, म्हणजे व्यक्तीच्या जागी संस्था, तर तो सहसा नंतर बदलत नाही, नवीन पेमेंट प्रोफाइल करून अकाउंटला जोडावं लागतं. आणि पास झाल्यावर पुढं कधी कायदेशीर नाव बदललंत तर पुन्हा तपासणी होऊ शकते, म्हणून सीझनच्या तोंडावर असले बदल करू नका.

मावसभावाचं शेवटी असंच सुटलं. नवीन प्रोफाइल केलं, त्यात पॅनवर आहे तसं तिन्ही नावांसकट त्याचं नाव टाकलं, जीएसटीची मूळ पीडीएफ लावली, तिसऱ्या दिवशी पास. वेबसाइटच्या तळाला आधी फक्त ब्रँड होता, तिथं आता त्याचं पूर्ण नाव, गट नंबरासकट पत्ता आणि जीएसटी नंबर टाकलाय. यंदाच्या मालाची पाकिटं छापायला दिली तेव्हा प्रूफ माझ्याकडं पाठवलं होतं, ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात प्रोप्रायटरचं नाव होतं, मी पॅन शेजारी ठेवून स्पेलिंग ताडून बघितलं आणि मगच छापा म्हणालो.